एआयची डिझाइनं विकून जोडकमाई : आठ महिन्यांचा हिशेब (नाशिक)

सातपूरकर | मंगळवार, रात्री ११.४०

मंडळी, बरेच महिने इथे नुसता वाचत होतो. आज लिहितोय आणि लांबलचक लिहिणार आहे.

मी सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पगार वेळेवर होतो, पण मुलीची फी आणि घराचा हप्ता एकाच महिन्यात आले की दमछाक होते. मागच्या दिवाळीनंतर यूट्यूब मला एकाच छापाचे व्हिडिओ दाखवायला लागलं : एआयकडून चित्रं काढून घ्या, विका, झोपेत पैसे कमवा. झोप तशीही लागत नव्हती, म्हटलं बघू.

पहिले चार महिने परदेशी बाजार धरला. अ‍ॅडोबी स्टॉक या चित्रं विकायच्या साइटवर एआयची चित्रं चालतात, फक्त ती एआयची आहेत अशी खूण करावी लागते. शटरस्टॉक आणि गेटी आपल्यासारख्यांकडून घेत नाहीत, तिथे हेलपाटा मारू नका. मी ३१२ चित्रं चढवली. पानंफुलं, मंडला, दिवाळीचे दिवे, कॉफीचे कप. निम्मी परत आली. चित्र विकलं गेलं तर ३३ टक्के आपले. चार महिन्यांत जमले ११ डॉलर, आणि २५ डॉलर झाल्याशिवाय ते काढता येत नाहीत! चित्रं काढणाऱ्या एआयला, म्हणजे मिडजर्नीला, मात्र दर महिन्याला १० डॉलर जातच होते. एट्सी या ऑनलाइन बाजारात टेम्प्लेट लावले, तिथे एक वस्तू मांडायचेच २० सेंट. आठ मांडल्या, एक विकली गेली. ती माझ्या मेव्हण्याने घेतली.

मग एकदा ड्यूटीवरून येताना त्र्यंबक रोडवर नेहमीच्या वडापावच्या गाडीवर थांबलो. त्याचा फ्लेक्स उन्हाने पांढरा पडलेला, नावसुद्धा वाचता येईना. म्हटलं, मी करून देतो. त्याने ५०० रुपये दिले, वर दोन वडे. तिथून गाडी रुळावर आली.

पुढच्या चार महिन्यांत एकूण १९ कामं : मेनूकार्ड सहा, लोगो पाच (दोन हजाराला एक), लेबलं चार, सणावारांच्या व्हॉट्सअ‍ॅप पोस्टचं महिन्याचं काम तीन दुकानांचं, आणि ती वडापावची पाटी. आले ३४,८००. मिडजर्नी आणि कॅन्व्हा (डिझाइनचं ऑनलाइन साधन) मिळून आठ महिन्यांत गेले ११,०००. एका लेबलच्या घोळात ७,४०० स्वतःच्या खिशातून भरले. उरले १६,४००. आठाने भागलं तर महिन्याला २,०५० रुपये. रोज रात्री दीड-दोन तास बसतो, बायको म्हणते एवढ्यात रिक्षा चालवली असती तर जास्त सुटले असते.

विचारायचंय ते असं. दर काय लावावा? हा लोगो नक्की कुणाचा, माझा, गिऱ्हाइकाचा की मशीनचा? आणि मराठी अक्षरांचं काय करता तुम्ही लोक?

रिकामटेकडा | मंगळवार, रात्री ११.५२

लेबलचा घोळ काय ते आधी सांगा. बाकी सगळं नंतर.

सातपूरकर | बुधवार, रात्री १२.१०

सांगतो, लाज गिळून.

निफाडकडच्या एक ताई घरच्या द्राक्षांचे बेदाणे करून विकतात. पाव किलोच्या पाउचवर लावायचं स्टिकर हवं होतं, दोन हजार नग. मी एआयला म्हटलं, बेदाण्याचं लेबल काढ, जरा महागडं वाटू दे. काढलं की त्याने! सोनेरी वेल, द्राक्षाचा घड, मागे डोंगर. ताई खूश, मीही खूश. समोरच्या बाजूचं नाव मी फॉन्टात नीट बसवलं. मागच्या बाजूला बारीक मजकूर होता, तो "ठीकच दिसतोय" म्हणून तसाच सोडला.

छापून आल्यावर कॉलेज रोडच्या एका दुकानदाराने बारकोडला मशीन लावलं. वाजेना. मग चष्मा लावून बाकीचं वाचलं. एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) नंबर एआयने मनाने टाकलेला, आणि तोही १३ आकड्यांचा. खरा १४ आकड्यांचा असतो. ताईंचा खरा नंबर माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर पडलेला! हिरवा ठिपका होता, पण चौकोनात नव्हता, गोलात. वजन "२५० गाम". आणि कळस म्हणजे खाली कोपऱ्यात इंग्रजीत "शंभर टक्के ऑरगॅनिक", जे ना ताईंनी सांगितलं होतं, ना मी. त्यांच्याकडे तसलं कुठलंच प्रमाणपत्र नाही.

मी कंपनीत दिवसभर मायक्रोमीटर घेऊन शतांश मिलिमीटरसाठी लोकांचा माल परत पाठवतो. आणि इथे हे.

दोन हजार स्टिकर रद्दीत. पुन्हा छापायचे पैसे मी दिले.

निफाडची_सून | बुधवार, सकाळी ६.३५

त्या ताई मीच 🙂

भाऊ, तुम्ही पैसे भरून दिलेत म्हणून बोलत नाही, पण अर्धी चूक माझी. माझ्या मोबाईलवर लेबल आलं तेव्हा मी द्राक्षाचा घड बघितला, अक्षरं बघितलीच नाहीत. सासूबाईंनी बघितली. त्या म्हणाल्या, हे "गाम" काय आहे? मला वाटलं डिझाइन आहे.

दुसरं, घड काळ्या द्राक्षाचा काढला होता. आमचे बेदाणे थॉमसनचे, म्हणजे हिरव्या द्राक्षांचे. काळ्या द्राक्षाचं चित्र बघून लोक आत मनुका आहेत की बेदाणे असं विचारायला लागले असते. हे मी तुम्हाला बोलले नव्हते, आज बोलते.

प्लेटमेकर_काका | बुधवार, सकाळी ९.१५

रविवार कारंज्याजवळ तीस वर्षं ऑफसेट चालवली, आता मुलगा बघतो. मी सकाळी दोन तास बसतो आणि येणाऱ्या फायलींना शिव्या घालतो. तुझ्यासारखी पोरं दिवसाला चार येतात, तेव्हा एकदाच लिहून ठेवतो.

एआयचं चित्र बहुतेक वेळा १०२४ पिक्सेलचं चौकोनी येतं. छपाईला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) लागतो. म्हणजे तुझं चित्र साडेतीन इंचसुद्धा भरत नाही. मोबाईलवर ते सगळी स्क्रीन व्यापतं म्हणून तुला मोठं वाटतं. लोक तेच ताणून ए-फोर करतात आणि मग म्हणतात, काका, छपाई धुरकट आली. फ्लेक्सला ७२ वर भागतं, पण दहा बाय पाच फुटांचा फ्लेक्स म्हणजे तिथेही ८,६४० पिक्सेल रुंदी झाली.

रंग. स्क्रीन उजेडाचे रंग दाखवते, कागदावर शाई असते. एआयला तो चमकणारा जांभळा-निळा फार आवडतो, आणि चार शाईंत तो रंग बसतच नाही. फाइल आधी सीएमवायकेमध्ये (त्याच चार शाईंच्या रंगांत) करून बघ, मग गिऱ्हाइकाला दाखव. उलटं केलंस तर भांडण ठरलेलं.

आता बारीक अक्षरं. ती चित्रातच असली की काळा रंग चारही शाईंच्या प्लेटांत वाटला जातो. प्लेट केसभर हलली की अक्षराला सावली पडते. मजकूर वेगळा टाईप करायचा आणि निव्वळ काळ्यात ठेवायचा. चारी बाजूंनी तीन मिलिमीटर कटिंगला सोडायचं. लोगो असेल तर व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघांची फाइल, करून आण. ट्रेसचं बटण दाबून नको, ते हजार ठिकाणी तुटलेली रेघ देतं. चित्र खाली ठेवून पेन टूलने स्वतः गिरवायचं. अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासाचे पैसे घे, चित्राचे घेऊ नकोस.

आणि बाबा रे, हे नाशिक आहे. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यांत १९२५ पासून तिकिटं आणि १९२८ पासून नोटा छापतायत. आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांनी सिनेमाच्या आधी रविवर्म्याच्या छापखान्याच्या शिळाछपाईच्या कामात हात काळे केले होते. या गावात "गाम" छापून आलेलं मला सहन होत नाही.

रिकामटेकडा | बुधवार, सकाळी ९.३०

काका फॉर्मात. +१

कुंचला | बुधवार, दुपारी १.०५

मी उपयोजित कला शिकलेले आहे आणि बारा वर्षं हेच काम करून घर चालवते, म्हणून माझा सूर गोड लागणार नाही.

धागाकर्त्यांनी प्रामाणिकपणे हिशेब मांडला, त्याबद्दल आदर. पण "लोगो दोन हजारात" हे वाचून पोटात कालवलं. मी लोगोसाठी आठ हजारांपासून सुरुवात करते. त्यात दुकानात जाऊन बसणं आलं, गल्लीतल्या इतर पाट्या बघणं आलं, वीस कच्ची रेखाटनं आली. परवा मेन रोडवरचे एक जुने गिऱ्हाईक म्हणाले, मॅडम, सातपूरचा एक जण दोन हजारात आणि एका रात्रीत देतो. तुम्हीच असाल असं नाही, पण तुमच्यासारखंच कुणीतरी.

शिवाय ही यंत्रं कुणाची चित्रं गिळून मोठी झाली? मार्च २०२५ मध्ये घिबलीची (त्या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या शैलीतल्या चित्रांची) लाट आली तेव्हा दर दुसऱ्या केकवाल्याला घिबली लोगो हवा होता. एका माणसाने आयुष्य घालवून कमावलेली शैली, ती केकच्या खोक्यावर. जून २०२५ मध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सलने मिडजर्नीवर दावा लावला तो त्यांची पात्रं उचलल्याबद्दल. मोठे लोक कोर्टात तरी जाऊ शकतात.

सातपूरकर | बुधवार, दुपारी १.४०

कुंचलाताई, बोचलं, पण खरं आहे. माझी बाजू एवढीच की वडापावच्या गाडीला आठ हजारांचा लोगो परवडला नसता. तो तुमच्याकडे आलाच नसता. मेन रोडवाल्यांचं मात्र तुम्ही म्हणता तसं आहे, त्यांना परवडतं.

कुंचला | बुधवार, दुपारी २.१५

मग गाडीवाल्यांचंच काम करा ना. मेन रोडला दोन हजार सांगू नका. तिथे पाच सांगा, मला निदान लढता तरी येईल.

प्लेटमेकर_काका | बुधवार, दुपारी ४.००

कुंचला, तुझं दुखणं मी बघितलंय. डीटीपी (कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी) आलं तेव्हा आमच्याकडे तीन कंपोझिटर होते, खिळे जुळवायचे. डोळे मिटून "ज्ञ" उचलायचे. एक जण कॉम्प्युटर शिकला, एकाने पंचवटीत पूजासाहित्याचं दुकान टाकलं, तिसऱ्याचं काय झालं ते मी इथे लिहीत नाही.

आणि दोघांना सांगतो, तुमची खरी स्पर्धा एकमेकांशी नाहीच. फ्लेक्सच्या दुकानाबाहेर बोर्ड बघा : "डिझाइन फ्री". दहा फुटांचा बॅनर छापला की आत बसलेला पोरगा दहा मिनिटांत श्रीलिपी सॉफ्टवेअरमध्ये मजकूर ठोकतो, चार फोटो चिकटवतो, झालं. गिऱ्हाइकाच्या डोक्यात डिझाइनची किंमत शून्य आहे ती तिथून.

येवलेकर | बुधवार, रात्री ९.२०

आमचा पैठणीचा धंदा आहे, तीन पिढ्यांचा. नाव सांगत नाही.

गेल्या लग्नसराईत चुलतभावाने इन्स्टाग्रामसाठी एआयचे फोटो केले. मॉडेल नको, फोटोग्राफर नको, एका दुपारी चाळीस फोटो. दिसायला असे की नजर हटेना. एका फोटोत जांभळी पैठणी, पदरावर मोरच मोर, आणि काठ नागमोडी वळत खांद्यावरून गेलेला. त्यावर पुण्याहून फोन आला, हीच पाहिजे, अ‍ॅडव्हान्स पाठवते.

ही कुठली आणणार? काठ मागावर सरळ विणला जातो, तो असा वळत नाही. मोर मोजले तर एकाला तीन पाय. बांगडी मोर म्हणजे बांगडीसारख्या गोलातला मोर हे त्या मशीनला माहीत नाही, त्याने मोराच्या पायात बांगड्या घातल्या होत्या! आमचे विणकर आठवडाभर हसत होते. बाईंना मात्र हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही फसवता. आणि खरं सांगायचं तर त्यांचं काय चुकलं?

तेव्हापासून नियम केलाय. साडी खरी, फोटो खरा. मागची भिंत, दिवे, फुलं एआयची चालतील. एक कॉलेजचा मुलगा आम्हाला तेवढंच करून देतो. आम्ही मोबाईलवर पदराचा फोटो काढतो, तो मागचं सगळं बदलतो. एका फोटोचे ८० रुपये, महिन्याला पन्नास-साठ फोटो. सातपूरकर, असं काम बघा. रोजचं आहे.

काळा_कोट | गुरुवार, सकाळी ८.१०

हक्कांचा प्रश्न कुणी हातात घेतला नाही म्हणून लिहितो. हा सल्ला नव्हे, गप्पा समजा.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९९४ च्या दुरुस्तीत त्यात एक कलम आलं : कॉम्प्युटरने तयार झालेल्या कृतीचा लेखक म्हणजे ती तयार व्हायला जो माणूस कारणीभूत ठरला तो. एआय तेव्हा कुणाच्या मनात नव्हतं, पण आज सगळे वाद याच वाक्याभोवती फिरतात. २०२० मध्ये "राघव" नावाच्या एआयला एका चित्राचा सहलेखक म्हणून आपल्याकडे नोंदही मिळाली होती, पुढे कॉपीराइट कार्यालयाने ती मागे घ्यायची नोटीस काढली. अमेरिकेत तर मार्च २०२५ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की निव्वळ यंत्राने केलेल्या कृतीला कॉपीराइट नाही, माणूस लेखक हवा.

व्यवहारात याचा अर्थ काय? एका ओळीच्या सूचनेवर निघालेला लोगो उद्या शेजारच्याने उचलला तर तुमची बाजू लंगडी. काका म्हणतात तसा स्वतः गिरवला, बदलला, अक्षरं बसवली, तर पाय जमिनीवर. कच्च्या फायली तारखांसकट जपून ठेवा.

गिऱ्हाइकाला हक्क द्यायचे तर लेखी द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर "घ्या भाऊ, तुमचाच" एवढ्यावर राहू नका. आणि त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. द्राक्षं निर्यात करणाऱ्याला लोगो देताय आणि प्रदेश लिहिला नाही, तर दुबईला पेटी पोचेपर्यंत हक्क संपले.

ट्रेडमार्क वेगळा विषय. नोंदणी गिऱ्हाइकाने स्वतःच्या नावाने करायची. व्यक्ती किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन फी ४,५०० रुपये, एका वर्गासाठी (मालाच्या किंवा सेवेच्या). पण त्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोध घ्या, कारण एआयला दहा मिसळवाल्यांनी लोगो मागितला तर दहाही जणांना तोच मिशीवाला माणूस आणि तीच वाफ येते. कॅन्व्हातलं तयार चित्र घालून केलेला लोगो तर ट्रेडमार्कला नेऊच नका, त्यांच्या अटींत ते बसत नाही.

अजून एक, आणि हे नाशिकमध्ये कुणी पाळत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र धंद्याच्या चिन्हात वापरायला १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांच्या कायद्याने बंदी आहे. गांधीजी, नेहरू, पंतप्रधान हेही त्याच यादीत. "शिवजयंतीची पोस्ट करून द्या, महाराजांच्या बाजूला आमचा लोगो मोठा टाका" असं गिऱ्हाईक म्हणेल, तेव्हा हे त्याला सांगायचं काम तुमचं.

रिकामटेकडा | गुरुवार, सकाळी ८.४०

हे वाचून गल्लीतल्या सगळ्या फ्लेक्सना घाम फुटला.

पंचवटीवाला | गुरुवार, दुपारी १२.२५

माझं गंगेवर छोटं लॉज आहे, दहा खोल्या. (बाहेरगावच्यांसाठी : आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) सिंहस्थाची तयारी सगळ्यांची चालू आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. पत्रक, पाटी, वेबसाइट, सगळं नवीन करायचंय. एका ओळखीच्या पोराने एआयने पत्रक करून आणलं.

वर राम होता. गोरापान, दंडाच्या बेडकुळ्या फुगवलेला, मागे ढगातून उजेड. मी म्हटलं, हा कुठला राम? आमचा काळाराम. काळ्या पाषाणाचा, मोठ्या डोळ्यांचा. देशभरातून माणूस त्याला बघायला येतो आणि मी त्याच्या हातात दुसऱ्याचाच राम देऊ? त्र्यंबकेश्वराचंही तेच. एआयने उभं शिवलिंग काढलं. त्र्यंबकला लिंगाच्या जागी खळगा आहे आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं, ब्रह्मा-विष्णू-महेशांची. हे इथल्या लहान पोराला माहीत असतं.

पोरगा म्हणाला, काका, लोकांना काय कळतंय. मी पत्रक परत दिलं. शेवटी मुलीने घाटाचा पहाटेचा फोटो काढला, तोच लावला.

हिंदी पाटीही लागणार आहे. मराठी आणि हिंदी पाट्यांत ल आणि श वेगळे दिसतात, ते कसं सांभाळायचं ते सांगा.

कुंचला | गुरुवार, दुपारी १.५०

व्वा पंचवटीवाले, हे कुणीतरी विचारलं!

मराठी ल आणि हिंदी ल यांची वळणं वेगळी, तसाच श. बऱ्याच फॉन्टांत मुळात हिंदी वळण येतं, आणि कॅन्व्हासारख्या ठिकाणी ते बदलायची सोय सापडत नाही. मराठीसाठी तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घ्या, त्यात आपली वळणं आहेत. मुक्ता आणि बालू हे एकटाइपचे फॉन्टही चांगले. तिन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत आणि धंद्यासाठी वापरायची परवानगी आहे. चोरलेला फॉन्ट लावून लेबल छापू नका.

एआयला मराठी लिहायला सांगूच नका. इंग्रजी आता बऱ्यापैकी जमतं त्याला. आपली जोडाक्षरं तो चित्र म्हणून काढतो, अक्षर म्हणून नाही, त्यामुळे "द्राक्ष" चं "द्राश" होतं आणि "पुऱ्या" मधला ऱ्य तर बऱ्याचदा बिघडतो. मी त्याला रिकामी जागा सोडायला सांगते, मजकूर वर मी बसवते.

हो, वापरते मी पण. पार्श्वभूमीला. काल लिहिलं नाही एवढंच.

रिकामटेकडा | गुरुवार, दुपारी २.०२

😮

आकडेमोड | गुरुवार, रात्री १०.३०

थोडक्यात कराचं. पगाराशिवाय हे उत्पन्न आलं की ते व्यवसायाचं धरायचं. आयटीआर-१ भरत असाल तर ते आता चालणार नाही, ३ किंवा ४ लागेल. गूगल पेवर आलेले ५०० रुपयेसुद्धा मोजा, बँकेला सगळं दिसतं. सेवेसाठी जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाख उलाढालीपर्यंत लागत नाही, तिथे पोचलात की पार्टी द्या. उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी सरकारी साइटवर पूर्ण फुकट आहे, हजार-दोन हजार मागणाऱ्या साइटी एजंटांच्या. आणि नेमणूकपत्र काढून वाचा. बाहेरचं काम करायला बंदी असेल तर एचआरला आधी विचारा, मग इथे सातपूरकर नावाने लिहा.

सातपूरकर | गुरुवार, रात्री ११.१५

नेमणूकपत्र काढलं. परवानगी घ्यावी लागते असं कलम आहे. उद्या साहेबांना भेटतो. 😅

सातपूरकर | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०.४५

धागा वर आणतोय.

साहेबांनी लेखी परवानगी दिली, अट एकच, कंपनीच्या गिऱ्हाइकांचं काम घ्यायचं नाही. वर स्वतःच्या भावाच्या हॉटेलचं मेनूकार्ड गळ्यात मारलं. फुकट.

मिडजर्नी बंद केलं. फुकटात मिळतं तेवढ्यात माझं भागतं, कारण आता चित्र फार लागतच नाही. येवलेकरांचं वाचून शालिमारच्या दोन कपड्यांच्या दुकानांत गेलो. एकाने हाकललं. दुसऱ्याने तीस ड्रेसचे फोटो दिले, मागचं बदलून दिले, ७० रुपयांनी २,१०० झाले. पण एका ड्रेसचा रंग माझ्याकडून जरा उजळ झाला होता, दुकानदाराने लगेच पकडला. आता कापडाला हात लावत नाही.

लेबलांसाठी एक कागद केलाय, गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने भरायचा : नाव-पत्ता, वजन, किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, एफएसएसएआय नंबर, तक्रारीसाठी फोन, घटक. खाली सही. त्यावरून मी टाईप करतो आणि टाईप केलेलं ते पुन्हा वाचून सही करतात. वेळ लागतो, दोन जण वैतागून गेलेही. दर आता लेबलला २,५००, त्यात प्रेसमध्ये उभं राहून पहिली शीट बघणं धरलेलं. लोगो पाच हजार सांगायला लागलोय, कुंचलाताई. अजून एकही मिळाला नाही.

मिसळीच्या एका हॉटेलवाल्याने मेनूसाठी एआयचा मिसळीचा फोटो मागितला होता. केला. वर नूडल्ससारखी शेव, बाजूला पावाऐवजी टोस्ट, आणि तर्री टोमॅटो सूपासारखी लाल. काळ्या रश्श्याला तो तयारच होईना. शेवटी सकाळी साडेसातला जाऊन पहिल्या घाण्याची मिसळ खिडकीच्या उजेडात ठेवली आणि मोबाईलने फोटो काढला. नंतर खाल्ली. ते काम सगळ्यात आवडलं.

या महिन्यात आतापर्यंत ९,३००. गणपती तोंडावर आहेत म्हणून असेल.

कुंचला | रविवार, रात्री ११.००

मेन रोडवाले परत आले माझ्याकडे. तुमच्यामुळे नाही, त्या दुसऱ्या कुणीतरी दिलेला लोगो भद्रकालीतल्या एका दुकानावर जसाच्या तसा निघाला.

पाच हजारांचं गिऱ्हाईक आलं आणि जमत नसेल तर माझ्याकडे पाठवा. पेन टूलचं काम तुम्हाला देईन, मला त्याचा कंटाळा येतो.

निफाडची_सून | सोमवार, सकाळी ६.२०

भाऊ, नवीन स्टिकर लावून पहिले तीनशे पाउच गेले. बारकोड खरा घेतला, ८९० ने सुरू होणारा, दुकानात वाजला. सासूबाईंनी भिंग लावून सगळं वाचलं, त्यांना एकच चूक सापडली, ती माझीच निघाली, फोन नंबर जुना दिला होता. त्यावर आम्ही पेनाने लिहितोय.

आता दिवाळीला सुक्यामेव्याचा गिफ्ट बॉक्स करायचाय. बेदाणे, काजू, बदाम. झाकणावर आमच्या बागेचा फोटो पाहिजे, एआयचा घड नको. बाग आत्ता मोकळी आहे, पानं चांगली दिसायला छाटणीनंतर महिना जाईल. चालेल का तोपर्यंत?

सातपूरकर | सोमवार, सकाळी ७.०५

चालेल ताई. तोवर बॉक्सचं माप पाठवा, झाकणाचं आणि बाजूंचं वेगळं. पट्टीने मोजून. आणि नवीन फोन नंबर.

प्लेटमेकर_काका | सोमवार, सकाळी ९.१०

बॉक्सला तीनशे जीएसएमचा कागद घे, त्याखाली नको, बेदाणा जड असतो. शनिवारी अकराला ये. रंगीत प्रूफ कागदावर आण, मोबाईल दाखवू नकोस.